बारा मीटर मातीचा उतार: हिशेबाच्या नोंदी

काम असं: बारा मीटर उंचीचा मातीचा कापीव उतार, दोनास एक, म्हणजे दोन मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ. पायथ्याला रस्ता. एका टोकाला लहानशी ढासळ झालेली. उतार टिकेल का आणि टिकणार नसेल तर काय करायचं, हे सांगायचं होतं. तयार सॉफ्टवेअर वापरण्याआधी सगळं स्वतः एकदा स्प्रेडशीटवर आणि मग पायथनमध्ये करून बघायचं ठरवलं. सहा आठवडे धरले होते, अकरा लागले. असंच काम हाती घेणाऱ्याचे निदान तीन-चार आठवडे वाचावेत म्हणून या नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवल्या आहेत.

९ जानेवारी

उताराचे तीन छेद मोजले. मधला सर्वांत तीव्र, हिशेब त्याचाच करायचा. तपासणीचे दोन बोअर झाले, एक माथ्यावर, एक उताराच्या मध्यावर. माथ्याच्या बोअरमध्ये स्टँडपाइप पिझोमीटर बसवला, म्हणजे जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायची नळी. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडून बघितलं, कोरडा. वहीत लिहिलं: "पाणी नाही." या दोन शब्दांची किंमत पुढे कळली.

१३ जानेवारी

लॅबचे आकडे आले. डायरेक्ट शिअर, म्हणजे नमुना दाबाखाली ठेवून आडवा कापायची चाचणी, तीन नमुने: कोहिजन (मातीचा स्वतःचा चिकटपणा) १५ किलोपास्कल, घर्षणकोन (दाबाबरोबर वाढणाऱ्या ताकदीचं माप) २५ अंश. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन.

आधी चार्टवरून अंदाज काढला. टेलरचे चार्ट १९३७चे आहेत, पण एकसंध मातीच्या साध्या उताराला आजही दहा मिनिटांत उत्तर देतात. पाणी नाही असं धरून सेफ्टी फॅक्टर, म्हणजे मातीची ताकद भागिले घसरवणारा रेटा, १.७८ च्या आसपास. १ च्या खाली गेला की उतार ढासळतो. कायमच्या उताराला १.५ हवा. वरिष्ठ म्हणाले, "मग झालंच की काम." मलाही तसंच वाटलं. फक्त टोकाची ती ढासळ डोक्यातून जाईना. १.७८ फॅक्टरचा उतार ढासळतो कशाला?

१७ जानेवारी

फेलेनियसची पद्धत स्प्रेडशीटवर मांडली. घसरणीचं वर्तुळ धरायचं, आतल्या मातीचे उभे काप करायचे, प्रत्येक कापाचं वजन त्याच्या तळाच्या दिशेत आणि तळाला लंब असं फोडायचं. कापांच्या बाजूंवरची बलं सोडून द्यायची. ही कल्पना स्वीडनमध्ये गोथेनबर्ग बंदराचा स्टिगबर्ग धक्का १९१६ मध्ये कोसळला त्यानंतर आकाराला आली. कागद-पेन्सिलीवर करता यावी म्हणून ती इतकी साधी ठेवलेली आहे.

पहिलं उत्तर ०.३ च्या आसपास आलं. उतार तर समोर उभा आहे! अर्धा दिवस कापांची वजनं तपासली, सगळी बरोबर. चूक शेवटी टॅन्जंटमध्ये सापडली. स्प्रेडशीट कोन रेडियनमध्ये घेते आणि मी २५ असंच लिहिलं होतं. २५ रेडियनचा टॅन्जंट येतो उणे ०.१३, म्हणजे घर्षण उताराला खाली ढकलत होतं.

उत्तर इतकं वेडंवाकडं आलं म्हणून पकडलं गेलं. घर्षणकोन १९.६ अंश असता तर? १९.६ रेडियनचा टॅन्जंट ०.९३ येतो. खरा हवा ०.३६. फॅक्टर जवळजवळ दुप्पट आला असता आणि मी खूश होऊन घरी गेले असते.

२० जानेवारी

त्या धास्तीने, स्वतःचा उतार बाजूला ठेवून ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना सोडवला. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकाच्या अखेरीस वेगवेगळ्या प्रोग्रॅमची तुलना करायला अकॅड्स नावाने काही नमुना-उतार ठरवले होते. त्यातला पहिला: दहा मीटर उंच, दोनास एक, कोहिजन ३, घर्षणकोन १९.६ अंश, वजन २०. मान्य उत्तर १.००. बिशपच्या पद्धतीने (ती पुढे करायची होती) ०.९९ च्या जवळ यायला हवं.

माझ्या फेलेनियसने ०.९४ दिलं. फेलेनियस कमीच देतो, तेव्हा चालेल. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. यापुढे प्रत्येक बदलानंतर हा नमुना आधी चालवायचा आणि मगच आपला उतार.

२४ जानेवारी

बिशपची सोपी पद्धत, १९५५ची, हीही कापांचीच. फॅक्टर समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो, म्हणून अंदाज धरून पुन्हापुन्हा काढावा लागतो. चार-पाच फेऱ्यांत स्थिरावतो. नमुन्यावर ०.९९, हायसं वाटलं.

पण खोल वर्तुळं घेतली की मध्येच फॅक्टर ४, मग ०.६, मग एरर. दोन दिवस गेले. कारण पायथ्याकडचे काप. खोल वर्तुळ पायथ्यापुढे वर येताना कापाचा तळ उलट दिशेला कलतो, कोन उणे होतो. बिशपच्या सूत्रात खाली भागायला एक पद आहे: कोनाची कोसाइन, अधिक साइन गुणिले घर्षणकोनाचा टॅन्जंट भागिले फॅक्टर. उणे ६० अंशाला, २८ अंश घर्षणकोन आणि १.२ फॅक्टर धरला, तर हे पद ०.१२ पर्यंत घसरतं. ज्याने भागायचं तेच शून्याला टेकलं की त्या कापावरचा दाब आभाळाला भिडतो. ०.२ च्या खाली गेलं तर ते वर्तुळ बाद करायचं, अशी अट घातली. माती इतक्या उभ्या कोनात वर फुटून येतच नाही, त्यामुळे अशी वर्तुळं गमावण्यात तोटा नाही.

२९ जानेवारी

सर्वांत कमी फॅक्टरचं वर्तुळ शोधायचं काम. केंद्रांची जाळी पाच-पाच मीटरवर टाकली, किमान मिळालं, आनंदाने नोंदवलं. रात्री आकृती उघडली तर किमान केंद्र जाळीच्या अगदी कडेला! म्हणजे खरं किमान बाहेर कुठेतरी. जाळी वाढवली, मग उत्तराभोवती अर्ध्या मीटरची बारीक जाळी टाकली, फॅक्टर ०.०६ ने उतरला. किमान कडेला आलं तर प्रोग्रॅमने ओरडून सांगावं अशी ओळ घातली.

कापांची संख्या मात्र फार महत्त्वाची नाही. १० काप आणि १०० काप यांत एक-दोन टक्के फरक. मी ३० वर थांबले.

५ फेब्रुवारी

ढासळीच्या टोकाशी गेले. तिथला छेद मोजला आणि उलटा हिशेब केला: फॅक्टर १ धरायचा आणि मातीची ताकद काढायची. एका समीकरणात दोन अज्ञात, कोहिजन आणि घर्षणकोन, त्यामुळे एकच जोडी मिळत नाही, जोड्यांची रेषा मिळते. पण १५ आणि २५ ही लॅबची जोडी त्या रेषेच्या खूप वर. म्हणजे एक तर लॅबचे आकडे फुगलेले, नाहीतर ढासळीच्या वेळी तिथे पाणी होतं.

७ फेब्रुवारी

लॅबचा मूळ कागद मागवला. चाचण्या १००, २०० आणि ३०० किलोपास्कल दाबाखाली केलेल्या. माझ्या घसरणीच्या वर्तुळावर कापांच्या तळाशी दाब किती? बहुतेक ठिकाणी २० ते ९०! मातीची ताकदीची रेषा खरं तर सरळ नसते, कमी दाबाकडे ती खाली वाकते. जास्त दाबाच्या तीन बिंदूंतून सरळ पट्टी लावून ती शून्याकडे ओढली की नसलेलं कोहिजन पदरात पडतं.

लॅबची चूक म्हणता येणार नाही. दाब किती ठेवायचा हे मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी नेहमीचे ठेवले.

१८ फेब्रुवारी

नवे नमुने काढायला पुन्हा खड्डा घ्यावा लागला. चाचण्या २५, ५० आणि ७५ वर, हळू वेगाने. आता कोहिजन ८, घर्षणकोन २८. कोन वाढला बघून आमचा नवा सहकारी म्हणाला, "मॅडम, माती तर सुधारली." ३० किलोपास्कल दाबाला हिशेब मांडून दाखवला: जुन्या जोडीने ताकद २९, नव्याने २४. कोरड्या उताराचा बिशप फॅक्टर १.६३. अजून १.५ च्या वरच.

खर्च: एक खड्डा, तीन चाचण्या, अकरा दिवस.

२३ फेब्रुवारी

चार दिवस पाऊस झाला. टोकाच्या ढासळीत थोडी माती आणखी खाली आली. सहज म्हणून पिझोमीटरमध्ये पट्टी सोडली. पाणी माथ्यापासून साडेतीन मीटरवर.

आधी विश्वास बसला नाही. मग बोअरची नोंद काढून बघितली: नळीचा पाणी आत घेणारा भाग चिकणमातीत. अशा मातीतून पाणी नळीत यायला आठवडे लागतात. ९ तारखेला बोअर झाला, १० तारखेला मी "कोरडा" लिहिलं. नळी कोरडी होती ती अजून भरलीच नव्हती म्हणून. त्या नोंदीवर सहा आठवडे हिशेब उभा होता.

हे पावसाचं एकट्याचं पाणी नाही, आधीपासूनच वर होतं. पाऊस फक्त निमित्त. आजपासून दर दोन दिवसांनी वाचन, आणि मधल्या बोअरमध्ये दुसरा पिझोमीटर.

२६ फेब्रुवारी

पाणी हिशेबात घातलं आणि तीन चुका एका मागून एक केल्या.

पहिली: पाण्याखालच्या मातीला बुडीत वजन, म्हणजे पाण्याची उचल वजा केलेलं, लावलं, आणि वर तळावरच्या पाण्याचा दाबही वजा केला. एकाच पाण्याला दोनदा दंड. फॅक्टर ०.७. पूर्ण वजन घेऊन दाब वजा करायचा, इतकंच.

दुसरी: पाण्याचा दाब कापाच्या तळापासून पाणीपातळीपर्यंतच्या उभ्या उंचीवरून काढला. पातळी कललेली असेल आणि पाणी उताराच्या दिशेने वाहत असेल तर दाब त्याहून कमी असतो. पातळीच्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने गुणायचं. १५ अंशाला सात टक्के फरक.

तिसरी माझी नाही, पद्धतीचीच आहे. फेलेनियसमध्ये तळावरचा परिणामी दाब म्हणजे वजन गुणिले कोसाइन, वजा पाण्याचा दाब. पाणी जमिनीच्या पातळीला टेकलेलं असेल आणि मातीचं वजन १९, तर ४४ अंशांहून तीव्र तळावर हा दाब उणे येतो. माती तळाला चिकटून लोंबकळते आहे असा त्याचा अर्थ, म्हणजे अर्थच नाही. भरपूर पाणी आणि खोल वर्तुळ असलं की फेलेनियस फारच खाली जातो. कोरड्या उतारात त्याचा आणि बिशपचा फरक पाच टक्के होता, आता पंधराच्या पुढे गेला. फेलेनियस इथून पुढे बंद.

बिशप, मोजलेल्या पाण्यासह: १.२०.

दीड महिना मी पद्धतींतल्या पाच टक्क्यांशी झुंजत होते आणि एका पट्टीच्या वाचनाने ०.४३ गेले.

१ मार्च

वरच्या दीड मीटर सैल थराचा वेगळा हिशेब, अनंत उताराच्या सूत्राने, म्हणजे थर उताराला समांतर सरकतो असं धरून. हा कॅल्क्युलेटरवर होतो. कोरडा असताना १.७७. पाणी पृष्ठभागापर्यंत आणि उताराला समांतर वाहणारं: १.२२. त्या वरच्या थरातलं कोहिजन मुळांमुळे आणि वाळलेपणामुळे दिसतं, भिजल्यावर त्यावर विसंबता येत नाही. ते शून्य धरलं: ०.५१.

टोकाची ढासळ दीड मीटरहून खोल नव्हती. पहिल्या दिवसापासून छळणाऱ्या प्रश्नाचं उत्तर या एका ओळीत होतं. मी ती ओळ सगळ्यांत शेवटी लिहिली.

४ मार्च

माथ्यावर ताणाची भेग धरायला हवी. खोली दोन कोहिजन भागिले वजन, गुणिले ४५ अधिक अर्धा घर्षणकोन याचा टॅन्जंट: १.४ मीटर. भेगेच्या खोलीपर्यंत वर्तुळाला ताकद द्यायची नाही, आणि भेग पाण्याने भरली तर मीटरमागे साडेनऊ किलोन्यूटनचा आडवा रेटा द्यायचा. फॅक्टर १.२० वरून १.१७. लहान वाटतो, पण आता दशांशाचा दुसरा आकडाही मोलाचा झाला आहे.

८ मार्च

बोअरच्या पेट्या पुन्हा उघडल्या. खरं तर फोटो काढायला. माथ्यापासून साडेअकरा मीटरवर, म्हणजे पायथ्याच्या जरा वर, राखाडी चिकणमातीचा वीतभर थर. बोअरच्या नोंदीत तो "चिकणमाती, रंग बदल" एवढ्यावर आटपला होता. बोटांत मळल्यावर साबणासारखी. मधल्या बोअरमध्येही त्याच पातळीला.

असा थर असेल तर घसरण वर्तुळाच्या वळणाने जात नाही, थर सापडला की त्यावरून सपाट सरकते. मग बिशप पुरत नाही, कारण तो वर्तुळासाठी आणि फक्त घूर्णाच्या (बलाच्या फिरवण्याच्या जोराच्या) समतोलावर. स्पेन्सरची पद्धत, १९६७ची, घेतली: बलांचा आणि घूर्णाचा दोन्ही समतोल साधते, कापांमधल्या बलांची दिशा सगळीकडे सारखी धरते.

१२ मार्च

स्पेन्सर जुळवायला चार दिवस. दोन अज्ञातं, फॅक्टर आणि कापांमधल्या बलांचा कोन. माझा सोडवण्याचा नियम भलतीकडे उडी मारून कधी उणे फॅक्टरला जाऊन बसे. शेवटी तो हुशारीचा नियम टाकून दिला. कोन शून्यापासून एकेक अंशाने वाढवत जायचा, प्रत्येक कोनाला दोन फॅक्टर काढायचे, एक बलांवरून आणि एक घूर्णावरून, आणि दोन रेषा जिथे कापतात ते उत्तर. संथ आहे, पण आलेख डोळ्यांना दिसतो आणि खोटं उत्तर लपत नाही.

वर्तुळांवर स्पेन्सर आणि बिशप यांत एका टक्क्याचाही फरक नाही. चार दिवस वाया गेले असं वाटलं. मग थरावरून जाणारा पृष्ठभाग टाकला, थराला कोहिजन शून्य, घर्षणकोन २० धरून. फॅक्टर १.०७.

१६ मार्च

पडताळा म्हणून फायनाइट एलिमेंट, म्हणजे उताराचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून त्यांच्या जाळीवर हिशेब. मातीची ताकद थोडीथोडी कमी करत न्यायची आणि हिशेब जुळेनासा होतो तिथला गुणक म्हणजे फॅक्टर. घसरण कुठून होईल हे आधी सांगावं लागत नाही, हाच याचा फायदा. पहिल्यांदा जाळी मोठी ठेवली, उत्तर १.२१. त्या जाळीला वीतभर थर दिसतच नव्हता! थरात बारीक एलिमेंट भरले, यंत्र रात्रभर चाललं, सकाळी १.०९. घसरणीचा पट्टा बरोबर थरावरून गेलेला. स्पेन्सरशी जुळलं, विषय मिटला.

२० मार्च

उपाय. माथ्याची माती कापणं सर्वांत सोपं, पण माथ्यामागे जागा नाही. म्हणून पायथ्याला मातीचा बर्म, म्हणजे टेकू देणारा भराव. तीन मीटर उंच बर्म टाकला, थरावरच्या घसरणीचा फॅक्टर १.३४. चार मीटर केला तर त्या पृष्ठभागाचा आणखी वाढला, एकूण किमान मात्र १.२८ च्या पुढे हलेना. तासभर बर्मची मापं बदलत बसले. मग आकृती बघितली: घसरण आता बर्मच्या डोक्यावरून बाहेर पडत होती. मी जुन्याच पृष्ठभागाचा फॅक्टर वाढवत होते आणि उताराने नवा शोधला होता. उपाय बदलला की शोध पहिल्यापासून करायचा.

मग पाण्याकडे वळले. आडव्या ड्रेनच्या नळ्या उतारात घालून पाणीपातळी खाली आणली तर बर्म नसतानाच १.३६. तीन मीटरच्या बर्मसह १.५२. हेच दिलं.

वरिष्ठांनी विचारलं, "आणि ड्रेन तुंबले तर?" तो आकडाही दिला: १.२८. त्यांनी पिझोमीटरच्या वाचनांसाठी एक ओळ अहवालात वाढवली. पाणी माथ्याखालच्या सहा मीटरच्या पातळीपेक्षा वर आलं की ड्रेन धुवायचे.

२६ मार्च

ड्रेन बसले. नऊपैकी सहा वाहतात, तीन कोरडे. कोरडे म्हणजे फुकट गेले असं आता म्हणणार नाही, पिझोमीटरने शिकवलं आहे. चौथ्या नळीतून गढूळ पाणी येतं, म्हणजे माती वाहून येते आहे. नळीभोवतीचं गाळणी कापड फाटलं असावं. ती नळी उद्या काढून पुन्हा बसवायची.

माथ्याचा पिझोमीटर आज सकाळी: पाणी माथ्यापासून चार मीटर दहावर. हिशेबात सहा धरले आहेत. पुढचं वाचन परवा.